एकाच पेशीची दोन रूपे

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग बहुधा 'अॅडिनोकार्सिनोमा' या प्रकारचा असतो. तो सहसा पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. क्वचित मात्र त्याच गाठीत चेतापेशींचे काही गुणधर्म दाखवणारा, अतिशय वेगाने पसरणारा 'स्मॉल सेल' कर्करोगही आढळतो. एकाच गाठीत हे दोन कर्करोग येतात कोठून?

ग्रंथीत मुळातच विखुरलेल्या चेता-अंतःस्रावी पेशींपासून दुसरा कर्करोग स्वतंत्रपणे उद्भवत असावा, असा एक तर्क होता. जनुकीय पुरावा मात्र वेगळेच सांगतो. प्रोस्टेटच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत दोन विशिष्ट जनुके परस्परांना जोडली गेलेली असतात, हे अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अरुल चिन्नैयन यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवले. पुढे काही मिश्र गाठींच्या दोन्ही भागांत हीच जोडणी आढळली. म्हणजेच दोहोंचा पूर्वज एक. २०१६ मध्ये लॉस एंजलिस येथील ओवेन विट यांच्या गटाने निरोगी मानवी प्रोस्टेट पेशींत कर्करोगकारक जनुके घातली, तेव्हा एकाच पेशीच्या वंशातून दोन्ही प्रकार निर्माण झाले.

या संशोधनाला व्यवहारातही महत्त्व आहे. स्मॉल सेल पेशी पीएसए फारसे स्रवत नाहीत आणि संप्रेरकरोधक उपचारांना दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी प्लॅटिनमयुक्त केमोथेरपी वापरावी लागते. म्हणूनच पीएसए कमी असूनही आजार फैलावत असेल, तर पुन्हा बायॉप्सी करण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे हिताचे ठरते.