सैतानाची कला आणि विद्रोहाची कसोटी

धर्माने ज्याला शत्रू ठरविले त्यालाच आपला नायक मानणे, ही गोष्ट आपल्या वाचकांना नवी नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारकथा उलट्या बाजूने वाचून दाखविल्या आणि पाताळात घातलेल्या बळीला राजा म्हणून परत आणले. शंबूक, एकलव्य ही नावे दलित कवितेत आली ती याच वाटेने. त्यामुळे पश्चिमेकडे सैतानाला आपले प्रतीक मानणारे लोक आहेत, त्यांची काळीकभिन्न चित्रकला आहे, कानठळ्या बसविणारे संगीत आहे, असे कळले की आपल्याकडील तरुणाला त्यांच्यात आपले कोणी भाऊबंद दिसू लागतात. महाविद्यालयातील विद्यार्थी हे संगीत ऐकतात आणि विचारतात : उलटा क्रूस, चर्चचा धिक्कार, सभ्यतेला दिलेला नकार; हे विद्रोही नव्हे काय? या प्रश्नाला 'होय' किंवा 'नाही' असे एका शब्दाचे उत्तर नाही. ही कला कोठून आली, कोणी निर्माण केली आणि तिने आपला रोष कोणावर काढला, हे पाहावयास हवे.

१. दोन सैतान

ख्रिस्ती कथेतला सैतान हा ईश्वराची आज्ञा मोडल्यामुळे स्वर्गातून हाकललेला देवदूत. आदिमानवाला ज्ञानाचे फळ खाण्यास तो भुलवितो, म्हणून तो पापी. मिल्टनने १६६७ साली 'पॅरडाइज लॉस्ट' हे महाकाव्य लिहिले ते ईश्वराच्या बाजूने. परंतु सव्वाशे-दीडशे वर्षांनी ब्लेक, शेली या कवींना त्यातला सैतानच अधिक जिवंत वाटला. राजसत्ता आणि चर्च यांची युती मोडण्याचा तो काळ होता. पुढे रशियन अराज्यवादी बाकुनिन याने 'ईश्वर आणि राज्य' या पुस्तकात (ते त्याच्या मृत्यूनंतर, १८८२ साली प्रसिद्ध झाले) सैतानाला पहिला बंडखोर आणि पहिला स्वतंत्र विचारवंत ठरविले. माणसाने जाणू नये असे ईश्वर म्हणतो आणि सैतान म्हणतो, जाण. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती त्यांना या प्रतीकाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

चित्रकलेतही हाच प्रवाह दिसतो. स्पेनच्या गोयाने १७९९ साली ८० चित्रांचा 'काप्रिचोस' हा संच काढला. त्यात चेटकिणी आहेत, भुते आहेत, गाढवे आहेत. पण ती अंधश्रद्धेची, पाद्र्यांची आणि सरदारांची टर उडविण्यासाठी आहेत. हा संच त्याने थोड्याच दिवसांत विक्रीतून काढून घेतला. धर्मन्यायालयाचे भय त्या देशात अद्याप संपलेले नव्हते.

दुसरा सैतान अमेरिकेतला. सॅन फ्रान्सिस्को येथे १९६६ साली अँटन लावे याने 'चर्च ऑफ सेटन'ची स्थापना केली. लावे हा ऑर्गनवादक होता. तो सैतान प्रत्यक्षात आहे असे मानीत नव्हता. सैतान म्हणजे माणसाच्या वासनांचे, अहंकाराचे आणि सामर्थ्याचे प्रतीक, असे तो म्हणे. येथवर कोणाला फारशी हरकत वाटणार नाही. परंतु १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'सेटॅनिक बायबल'चा आरंभीचा भाग 'माइट इज राइट' या १८९६ च्या पुस्तकातून बव्हंशी उचललेला आहे. बळी तो कान पिळी हाच निसर्गाचा कायदा आहे आणि समता हे दुबळ्यांनी रचलेले थोतांड आहे, असे सांगणारे ते उघडउघड वंशद्वेष्टे पुस्तक आहे. १९८८ साली लावेने पाचकलमी कार्यक्रम मांडला. त्यातले पहिलेच कलम समाजाच्या स्तरीकरणाचे आहे. ईश्वर नाकारला आणि उतरंड ठेवली. मनूला यात आक्षेपार्ह असे फार थोडे सापडले असते.

एकाच नावाखाली हे दोन सैतान वावरतात. एक ज्ञानबंदी मोडणारा, दुसरा बळाची पूजा बांधणारा. सैतानी म्हणविणाऱ्या सगळ्या कलेत या दोहोंची सरमिसळ आहे.

२. कारखान्यातून आलेला आवाज

या संगीताचे मूळ शोधू गेले तर आपण एका कामगार वस्तीत येतो. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या अ‍ॅस्टन भागातील चार पोरांनी 'ब्लॅक सॅबथ' हा गट उभा केला. त्यांची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. गायक ऑझी ऑस्बोर्न हा कत्तलखान्यात काम करून आलेला. गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात होता. वयाच्या सतराव्या वर्षी, कामाच्या शेवटच्या दिवशी, यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात नेमका उजवा. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, वर चामडे चिकटविले, बारीक तारा लावल्या आणि पुढे तारांचा ताण कमी करण्यासाठी त्या खालच्या सुरात उतरविल्या. ज्या जड, खर्जातल्या गिटारनादाला आज जगभर 'हेवी मेटल' म्हणून ओळखतात, त्याच्या घडणीत या अपघाताचा मोठा वाटा आहे.

गटाच्या नावाचेच जे गीत पहिल्या तबकडीवर आहे ते तीन स्वरांवर उभे आहे : षड्ज, वरचा षड्ज आणि मग तीव्र मध्यम. षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यामधल्या या अंतराला युरोपातील जुन्या संगीतपंडितांनी 'संगीतातला सैतान' असे नाव दिले होते. आपल्याकडे यमन गाणारा हाच तीव्र मध्यम रोज लावतो आणि त्याला भक्तिरस म्हणतात. तेव्हा कोणता स्वर पवित्र आणि कोणता सैतानी, हे स्वराच्या अंगी नसते. ठरविणाऱ्यांच्या हाती असते. हलगीला गोंगाट आणि मृदंगाला नाद म्हणणाऱ्यांच्या देशात हे वेगळे सांगावयास नको.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्या गीतात सैतानाची स्तुती नाही, त्याच्यासमोर थिजलेल्या माणसाचे भय आहे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या तबकडीत याच गटाने गरिबांच्या पोरांना युद्धावर धाडणाऱ्या सेनापतींना चेटक्यांच्या पंगतीस बसविले. जुलै २०२५ च्या पाच तारखेला अ‍ॅस्टनमध्येच या गटाचा अखेरचा कार्यक्रम झाला आणि पुढे सतरा दिवसांनी ऑस्बोर्न वारला.

३. प्रयोग आणि त्यांचे कारागीर

१९८२ साली इंग्लंडच्या 'व्हेनम' या गटाने 'ब्लॅक मेटल' ही तबकडी काढली आणि या प्रकाराला नाव मिळाले. त्यांचा सैतान हा रंगमंचावरील देखावा होता, असे त्यांनीच सांगितले आहे. नॉर्वेतील तरुणांनी तो खरा मानला आणि ध्वनीचे काही प्रयोग केले. गिटारची एकच तार अतिवेगाने सतत छेडावयाची, म्हणजे स्वर सुटे न राहता त्यांची भिंत उभी राहते, ड्रमचा वेग इतका वाढवावयाचा की ताल मोजता येऊ नये, गाण्याऐवजी किंकाळी, आणि ध्वनिमुद्रण मुद्दाम निकृष्ट साधनांवर करावयाचे. 'बर्झम' या एकट्या माणसाच्या गटाने सापडेल तो हलका मायक्रोफोन वापरला. स्वच्छ, महागड्या स्टुडिओतल्या आवाजाला हा नकार होता. ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांनाही संगीत करता येते हे त्यातून सिद्ध झाले, आणि तेवढ्यापुरता तो लोकशाहीचा प्रयोग होता.

अमेरिकेत बॉइड राइस याने १९७८ साली तबकडीच्याच रचनेत फेरफार केला. तबकडीवरील खाच साधारणपणे बाहेरून आत फिरत जाते; त्याने प्रत्येक खाच स्वतःशीच मिटवून टाकली, त्यामुळे सुई एकाच तुकड्यावर अखंड फिरत राहते. मधल्या छिद्राशेजारी आणखी एक छिद्र पाडले आणि हव्या त्या गतीने वाजविण्याची मुभा दिली. ऐकणारा स्वतःच रचनाकार बनतो. कल्पना अस्सल आहे. पण हाच राइस लावेच्या चर्चचा मानकरी झाला, सामर्थ्यवंतांच्या हक्काची भाषा बोलू लागला, आणि फासिस्ट चिन्हांशी खेळ केल्याबद्दल त्याच्यावर वेळोवेळी टीका झाली. नवा आकार शोधणाऱ्याचे मूल्यही नवेच असेल, असा भरवसा धरता येत नाही.

४. नॉर्वेची राख

जून १९९२ मध्ये बर्गेनजवळील फान्टॉफ्ट येथील, बाराव्या शतकातले लाकडी चर्च जळाले. पुढे आणखी चर्चे जाळण्यात आली. 'बर्झम'च्या व्हार्ग विकर्नेसने जळक्या चर्चचे छायाचित्र आपल्या 'राख' नावाच्या तबकडीवर छापले आणि आरंभीच्या प्रतींबरोबर लायटर दिला. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याने 'मेहेम' गटाच्या ऑइस्टाइन आर्सेथचा खून केला. खून आणि जाळपोळ यांसाठी १९९४ साली त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी १९९२ मध्ये 'एम्परर' गटाच्या ड्रमवादकाने लिलेहामर येथे एका समलिंगी पुरुषाला भोसकून ठार केले होते. 'डार्कथ्रोन' या गटाने १९९४ च्या तबकडीसाठी आपल्या संगीताला 'आर्य' हे विशेषण लावले. गदारोळ झाल्यावर ते काढावे लागले आणि गटाने दिलगिरी व्यक्त केली. विकर्नेस मात्र पुढे उघड वंशवादाकडे गेला.

विकर्नेसच्या १९९४ च्या तबकडीच्या आवरणावर किटेलसन या जुन्या नॉर्वेजियन चित्रकाराचे 'गरीब माणूस' हे चित्र आहे. रानातल्या वाटेवर मरून पडलेला एक कंगाल. ज्या चित्रात दारिद्र्याने मेलेला माणूस आहे, ते चित्र येथे केवळ उदास वातावरणासाठी वापरलेले आहे. तो का मेला, हा प्रश्न त्या संगीतात कोठेही नाही.

आपल्याकडेही दहन झाले आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळण्यात आली. ती परिषदेत ठराव करून, हजारो लोकांच्या साक्षीने, का जाळतो हे सांगून जाळली. जाळला तो ग्रंथ; कोणाचे घर नव्हे, कोणाचा देह नव्हे. त्या ज्वाळेच्या मागे माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा होता. नॉर्वेच्या आगीच्या मागे, सामर्थ्याच्या नशेपलीकडे, काय होते?

५. शिक्का कोणावर बसतो

याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत सैतानपूजकांच्या नावाने मोठी भीती पसरली. आर्कान्सॉ राज्यातील वेस्ट मेम्फिस येथे १९९३ मध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांचे खून झाले. पकडले गेले ते गरीब गोऱ्या घरांतले तीन किशोर. ठोस भौतिक पुरावा नव्हता. काळे कपडे, मेटल संगीत आणि जादूटोण्याची पुस्तके यांचाच पुरावा झाला. एकाला देहान्त, दोघांना जन्मठेप. २०११ साली, १८ वर्षांनी, ते सुटले. तेही निर्दोष ठरवून नव्हे, सरकार पक्षाशी तडजोड करून. ज्याला गावात पत नाही त्याच्यावर सैतानाचा शिक्का लवकर उठतो. एखाद्या पाड्यावरील विधवेला डाकीण ठरविणाऱ्यांची रीत याहून निराळी नाही. म्हणून या संगीताला सरसकट गुन्हेगारी म्हणणाऱ्यांच्या सुरात आपण सूर मिसळू नये.

त्याच आर्कान्सॉत २०१८ साली 'सेटॅनिक टेंपल' या २०१३ मध्ये स्थापन झालेल्या, लावेशी संबंध नसलेल्या संस्थेने बकऱ्याच्या मस्तकाची बॅफोमेटची मूर्ती विधानभवनासमोर आणून ठेवली. सरकारी आवारात दहा आज्ञांची शिळा चालत असेल तर आमचे दैवतही चालले पाहिजे, एवढाच त्यांचा युक्तिवाद. येथे सैतान पुन्हा बाकुनिनच्या बाजूला आलेला दिसतो.

६. गुलामांचा सैतान

या सर्व कलेत आपल्याला सर्वांत जवळची वाटावी अशी तबकडी २०१६ साली निघाली. मान्युएल गान्यो हा स्वित्झर्लंडचा संगीतकार. त्याची आई आफ्रिकन-अमेरिकन. 'झील अँड आर्डर' या नावाने त्याने 'डेव्हिल इज फाइन' ही रचना केली. त्यामागे एक प्रश्न होता : अमेरिकेतील काळ्या गुलामांनी मालकाचा देव न स्वीकारता मालकाच्या देवाचा शत्रू स्वीकारला असता, तर त्यांची गाणी कशी झाली असती? म्हणून त्यात साखळदंडांचा ठेका आहे, एकाने म्हणावे आणि बाकीच्यांनी उचलावे अशी शेतमजुरांच्या गाण्याची रीत आहे, आणि तिच्यावर नॉर्वेच्या गिटारची भिंत कोसळते. जे वाद्यतंत्र 'आर्य' म्हणून मिरविले गेले, तेच काळ्या गुलामाच्या कंठाखाली आणून बसविले आहे.

आवरणावर रॉबर्ट स्मॉल्सचे छायाचित्र आहे. हा गुलाम मे १८६२ मध्ये गुलामगिरीवाद्यांचे 'प्लांटर' हे जहाज, आपले कुटुंब आणि सोबती यांच्यासह, चार्ल्स्टन बंदरातून पळवून मुक्तीच्या बाजूस घेऊन गेला. पुढे तो अमेरिकन काँग्रेसचा सभासद झाला. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्या वेळी स्मॉल्स दक्षिण कॅरोलायनाच्या विधिमंडळात बसत होता. त्या अर्पणपत्रिकेत त्याच्यासारख्या मुक्त झालेल्यांचाही वाटा आहे असे मला वाटते.

७. कसोटी

तेव्हा विद्यार्थ्यांना उत्तर काय द्यावयाचे? हे संगीत जरूर ऐकावे, चित्रे जरूर पाहावीत. पण कलेतला अंधार किती गडद आहे यावरून तिचा विद्रोह मोजू नये. देव आणि दानव यांच्या जागा बदलल्या, तरी वर-खाली ही रचना शाबूत राहिली, तर खालच्या माणसाच्या वाट्याला काहीच येत नाही. लावेने देव काढून बळ बसविले. नॉर्वेच्या पोरांनी क्रूस उलटा केला आणि 'आर्य' सरळ ठेवला. उलट आयोमीची तुटकी बोटे आणि गान्योचे साखळदंड यांत खालच्या माणसाचा आवाज ऐकू येतो.

ही कसोटी आपल्यालाही लागू आहे. शिवराळ शब्द, अंधार, रक्त आणि नकार यांची शैली उचलणे आता आपल्याकडेही सोपे झाले आहे. बाबासाहेब नकारापाशी थांबले नाहीत. १९५६ साली त्यांनी बुद्धाची वाट धरली आणि स्वातंत्र्य, समता, बंधुता यांना धम्माचे अधिष्ठान दिले. आपला नकार त्या वाटेने जातो किंवा नाही, हे प्रत्येक कवितेला, चित्राला आणि गाण्याला विचारण्याचा अधिकार आपल्या वाचकांना आहे. तो त्यांनी बजावावा.