बीटी कापसाची सरकी, ढेप आणि आरोग्य

कापसाच्या पिकापासून शेतकऱ्यास दोन वस्तू मिळतात. रुई गिरणीकडे जाते. सरकी मात्र फिरून घरीच येते. तिचे तेल स्वयंपाकात वापरले जाते आणि तिची ढेप, म्हणजे पेंड, दुभत्या जनावरांच्या आंबोणात पडते. भारतात मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस प्रथम परवानगी मिळाली आणि पुढे महाराष्ट्रातील कापसाचे बहुतेक क्षेत्र या वाणांखाली आले. म्हणून जनुकीय परिवर्तित अन्नाचा प्रश्न हा केवळ परदेशाचा प्रश्न राहिलेला नाही. अशा ढेपेवर पोसलेल्या म्हशीचे दूध मुलांना द्यावे की नाही, अशी विचारणा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांकडे होत असते. तिचे उत्तर भीतीने किंवा भिडेने न देता माहितीच्या आधारे द्यावयास हवे.

बीटी म्हणजे काय?

बीटी हे जमिनीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे संक्षिप्त नाव होय. जपानमध्ये १९०१ साली इशिवाता या शास्त्रज्ञास रोगट रेशीमकिड्यांत तो आढळला. पुढे जर्मनीत बर्लिनर यांनी त्याचे वर्णन करून थुरिंजिया या प्रांतावरून त्यास नाव दिले. या जिवाणूची भुकटी पाण्यात मिसळून पिकांवर फवारण्याची पद्धत बीटी कापसाच्या कितीतरी आधीपासून रूढ आहे.

हा जिवाणू एक विशिष्ट प्रथिन तयार करतो. ते तयार करण्याची सूचना ज्या जनुकात असते, ते जनुक कापसाच्या झाडात घातले की झाड स्वतःच ते प्रथिन बनवू लागते. बोंडअळीच्या आतड्यातील रस अल्कधर्मी, म्हणजे खारट सोड्यासारख्या गुणाचा असतो. त्यात हे प्रथिन विरघळते, आतड्याच्या पेशींवरील ठराविक जागी चिकटते आणि तेथे छिद्रे पाडते. अळी खाणे थांबवते व थोड्याच दिवसांत मरते.

मनुष्याच्या जठरातील रस याउलट आम्लधर्मी असतो. त्यात हे प्रथिन इतर प्रथिनांप्रमाणे पचून जाते आणि ते चिकटण्याची जागाही आपल्या आतड्यात नसते. गाईम्हशींच्या पोटातही त्याचे याच प्रकारे पचन होते. शुद्ध केलेल्या सरकीच्या तेलात तर प्रथिन जवळजवळ उरतच नाही. ते ढेपेत राहते.

शंका कोणत्या व त्या कशा तपासल्या जातात?

नव्या जनुकाच्या पिकाविषयी मुख्यत्वे तीन प्रश्न विचारले जातात. नवे प्रथिन विषारी आहे काय? त्यामुळे कोणास अंगावर पित्त उठणे, श्वास कोंडणे अशा प्रकारची ॲलर्जी होईल काय? आणि जनुक घालताना पिकाच्या मूळच्या पोषक वा अपायकारक घटकांत काही फरक पडला काय? या शंका निरर्थक नव्हेत, हे पुढील उदाहरणांवरून दिसेल.

अमेरिकेतील एका बियाणे कंपनीने सोयाबीनची पोषकता वाढविण्यासाठी त्यात ब्राझील नट या कवचीफळाचे जनुक घातले. ज्यांना हे फळ सोसत नाही, त्यांना हे सोयाबीनही सोसणार नाही, असे तपासणीत आढळले. ही तपासणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. ऑस्ट्रेलियात वाटाण्यात घेवड्याचे एक जनुक घातले असता उंदरांच्या फुप्फुसांस दाह होतो, असे २००५ साली दिसून आले व ते कामही सोडून देण्यात आले. २००० साली अमेरिकेत केवळ पशुखाद्यासाठी मान्य असलेला स्टारलिंक मका माणसांच्या खाद्यपदार्थांत मिसळलेला सापडला. तो परत घ्यावा लागला. त्यामुळे त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्यांचे रक्त तपासले असता त्या मक्यातील प्रथिनाची ॲलर्जी असल्याचा पुरावा मिळाला नाही; परंतु पशूंचे धान्य आणि माणसांचे धान्य व्यवहारात वेगळे राखणे किती कठीण आहे, हा धडा सर्वांस मिळाला.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१६ साली उपलब्ध संशोधनाचा मोठा आढावा घेतला. बाजारात असलेल्या जनुकीय परिवर्तित पिकांचे अन्न इतर अन्नापेक्षा मनुष्याच्या आरोग्यास अधिक धोक्याचे आहे, असा सिद्ध पुरावा त्यात आढळला नाही. तथापि प्रत्येक नव्या पिकाची परीक्षा स्वतंत्रपणेच व्हावयास हवी. एक पीक निर्धोक ठरले म्हणून सर्व पिके निर्धोक ठरत नाहीत. आणि एक सदोष निघाले म्हणून सर्व सदोष ठरत नाहीत.

आपल्या देशात ही परीक्षा १९८९ च्या नियमांनुसार होते. बीटी वांग्यास तज्ज्ञ समितीने ऑक्टोबर २००९ मध्ये संमती दिली होती. परंतु शास्त्रज्ञांत एकमत नाही व अधिक स्वतंत्र चाचण्या हव्यात, या कारणांनी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१० मध्ये त्यास स्थगिती दिली. बांगलादेशात मात्र २०१४ पासून ते शेतकऱ्यांच्या शेतात आहे.

सरकीतील जुने विष

बीटीची चर्चा करताना एक गोष्ट विसरली जाते. बीटी असो वा देशी, प्रत्येक सरकीत गॉसिपॉल नावाचे नैसर्गिक विषारी द्रव्य असतेच. कच्च्या तेलात ते उतरते. तेल शुद्ध करताना क्षाराच्या प्रक्रियेने ते निघून जाते. म्हणून सरकीचे कच्चे तेल स्वयंपाकास वापरू नये. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांना बेताच्या प्रमाणात ढेप सोसते. लहान वासरांचे पोट अद्याप तयार झालेले नसते, म्हणून त्यांना ती देऊ नये. कोंबड्यांनाही ती अपाय करते.

दुसरा धोका बुरशीचा. ओलसर जागी ठेवलेल्या ढेपेवर बुरशी चढते आणि तिच्यापासून अफलाटॉक्सिन हे विष निर्माण होते. जनावराने अशी ढेप खाल्ली तर त्या विषाचा अंश दुधात उतरतो आणि दूध उकळल्यानेही तो नाहीसा होत नाही. मुलांच्या दुधाची काळजी असणाऱ्या घराने प्रथम ढेपेचे पोते पाहावे.

तिसरा व सर्वांत निकडीचा धोका फवारणीचा आहे. बीटीमुळे बोंडअळीवरील फवारे प्रारंभी कमी झाले. परंतु गुलाबी बोंडअळीने पुढे प्रतिकारशक्ती मिळविली आणि रस शोषणाऱ्या किडींवर तर बीटीचा उपयोगच नसतो. त्यामुळे फवारे पुन्हा वाढले. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कापसाच्या शेतात आरोग्याची खरी हानी कोठे होते, हे यावरून ध्यानी यावे.

घ्यावयाची खबरदारी

१. ढेप जमिनीवर न ठेवता फळ्यांवर, भिंतीपासून दूर व कोरड्या जागी ठेवावी. वास आलेली किंवा बुरशी चढलेली ढेप जनावरांस घालू नये.

२. पेरणीनंतर उरलेले बियाणे कधीही खाण्यास वा चारण्यास वापरू नये. त्यावर कीडनाशकाचा लेप असतो, मग ते बीटी असो वा नसो.

३. फवारणी केलेल्या शेतात शेळ्यामेंढ्या लगेच चारू नयेत.

४. तणनाशक सहन करणाऱ्या कापसाचे चोरटे बियाणे घेऊ नये. त्याच्या लागवडीस भारतात मान्यता मिळालेली नाही. फसवणूक झाल्यास दाद मागण्यासाठी पावतीही हाती नसते.

५. निरनिराळी कीडनाशके एकत्र मिसळू नयेत. फवारताना हातमोजे, मुखपट्टी व पूर्ण अंगभर कपडे वापरावेत आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये. मळमळ, घाम किंवा अंधारी आल्यास काम थांबवून कीडनाशकाच्या डब्यासह तत्काळ दवाखाना गाठावा.

६. बियाण्यासोबत येणारे बिगर बीटी बियाणे फेकून न देता अवश्य पेरावे. त्यायोगे अळीची प्रतिकारशक्ती वाढण्यास विलंब लागतो आणि फवारे वाचतात.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय गावसभेत मांडताना कोणाच्या शंकेची थट्टा करू नये. अन्नाविषयी प्रश्न विचारणे हा खाणाऱ्याचा हक्क आहे. आज उपलब्ध असलेल्या माहितीनुसार बीटी सरकीच्या ढेपेवरील जनावराचे दूध टाकून देण्याचे कारण नाही. बुरशीची ढेप टाकून देण्याचे व उघड्या अंगाने फवारणी थांबविण्याचे कारण मात्र पुरेपूर आहे. एवढी गोष्ट जरी घरोघर पोहोचली, तरी पुष्कळ अनर्थ टळेल.