अंदाज नव्हे, मोजणी

चौकोनी घरांचा तक्ता, प्रत्येक ओळीच्या डावीकडे आणि प्रत्येक स्तंभाच्या माथ्यावर काही अंक. त्या अंकांवरून घरे रंगवीत गेले की शेवटी चित्र उमटते. या कोड्यास नोनोग्राम म्हणतात. १९८७ च्या सुमारास जपानमध्ये नोन इशिदा आणि तेत्सुया निशिओ यांनी स्वतंत्रपणे त्याची रचना केली. १९९० मध्ये ब्रिटनच्या ‘संडे टेलिग्राफ’मधून ते छापले जाऊ लागले.

पाच ओळी व पाच स्तंभांच्या तक्त्यात २५ घरे असतात. प्रत्येक घर रंगीत किंवा कोरे, म्हणजे एकूण ३,३५,५४,४३२ मांडण्या. येथे अंदाज कामास येत नाही. मात्र एकेक ओळ घेतली की काम आवाक्यात येते.

पाच घरांच्या ओळीसमोर ‘२ १’ असे अंक आहेत असे समजू. अर्थ असा की दोन सलग घरे रंगीत, मग किमान एक कोरे आणि त्यानंतर एक रंगीत. एरवी या ओळीच्या ३२ मांडण्या झाल्या असत्या; या अटीमुळे तीनच उरतात. रंगीत घरे पहिले, दुसरे व चौथे. किंवा पहिले, दुसरे व पाचवे. किंवा दुसरे, तिसरे व पाचवे. तिन्हींत समान असलेले घर एकच, दुसरे. तेवढेच रंगवावे आणि थांबावे. पुढे पहिल्या स्तंभाच्या अंकांवरून या ओळीचे पहिले घर कोरे ठरले, तर पहिल्या दोन मांडण्या बाद होतात आणि ओळ पूर्ण होते. म्हणूनच निश्चित कोऱ्या घरावर फुली मारणे हेही रंगविण्याइतकेच मोलाचे आहे.

घरे दहा आणि अंक ‘७’ असेल, तर मांडण्या चार. चौथ्यापासून सातव्यापर्यंतची घरे चारही मांडण्यांत रंगीतच.

वसतिगृहात येणारी कित्येक मुले गणिताची धास्ती सोबत घेऊन येतात. उत्तर हुशारांनाच सुचते, अशी त्यांची समजूत असते. या कोड्यात सुचण्यावर काही अवलंबून नाही. सर्व शक्यता मांडण्याची चिकाटी पुरते. घाईने रंगविलेले एक चुकीचे घर मात्र पुष्कळ पुढे गेल्यावर विसंगती दाखविते, आणि तेव्हा सारा तक्ता खोडावा लागतो.

पालकांना आमची विनंती एवढीच : चौकटीची वही आणि पेन्सिल द्यावी, उत्तर सांगू नये. मुलाने घर रंगविले की ‘कशावरून?’ असे विचारावे. ‘मला वाटते’ हे उत्तर स्वीकारू नये. ‘सगळ्या मांडण्यांत ते येते’ हे स्वीकारावे.