गुणसूत्राच्या टोकाची गाठ कोण सोडवते?

सुतळीचा तुकडा कापला की त्याची टोके उसवू लागतात, म्हणून आपण टोकाला गाठ मारतो. आपल्या पेशींतील ४६ गुणसूत्रांपुढेही असाच प्रश्न असतो. प्रत्येक गुणसूत्रात डीएनएचा एक लांबच लांब, पीळ घातलेला दुपदरी धागा असतो आणि त्याला दोन टोके असतात. तुटलेला डीएनए शोधून सांधणारी यंत्रणा पेशीत सतत जागी असते. तिने ही टोके तुटलेली समजून एकमेकांना जोडली, तर पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रांची ओढाताण होईल.

म्हणून टोकाशी टेलोमिअर नावाचा भाग असतो. माणसात तेथे टीटीएजीजीजी ही सहा अक्षरे पुन:पुन्हा येतात. धाग्याचा एक पदर दुसऱ्यापेक्षा थोडा लांब असतो. तो मागे वळून दुपदरी भागात शिरतो आणि फास तयार होतो. टोक असे लपले की दुरुस्ती यंत्रणा फसत नाही.

पण पेशी विभागण्यापूर्वी सगळ्या डीएनएची नक्कल व्हावी लागते आणि त्यासाठी पदर सुटे व्हावे लागतात. मग ही गाठ सोडवायची कोणी? हे काम हेलिकेज या एन्झाइमांचे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. दुपदरी सुतळीच्या पदरांमध्ये पेन्सिल घालून ती पुढे सरकवावी. मागे पदर सुटे होतात, पुढचा पीळ घट्ट होतो आणि टोकाच्या गाठीशी पेन्सिल अडते. हेलिकेजही पेन्सिलीसारखेच पदर वेगळे करते. फरक इतकाच, की ते एटीपीतील ऊर्जा वापरून स्वत: पुढे सरकते आणि अक्षरांच्या जोड्यांमधील हायड्रोजन बंध सोडवते.

टेलोमिअरपाशी अशी एकाहून अधिक हेलिकेजेस लागतात. आरटीईएल-१ हे टोकाचा फास उलगडते. दुसरी अडचण जी या अक्षराची, म्हणजे ग्वानिनची. चार-चार ग्वानिन एकमेकांना धरून चौकोनी थर रचतात आणि नक्कल अडते. तेथे डब्ल्यूआरएन हे हेलिकेज उपयोगी पडते.

हे हेलिकेज नसेल तर? १९०४ साली ओटो वेर्नर यांनी चार भावंडांमधील एका आजाराचे वर्णन केले. या आजारात ऐन तारुण्यात केस पिकतात, मोतीबिंदू होतो. १९९६ मध्ये त्याचे जनुक सापडले, ते डब्ल्यूआरएनचे निघाले. पुढे २००४ मध्ये असे दिसले, की या हेलिकेजचे काम बंद पडले तर नक्कल झाल्यावर गुणसूत्राच्या दोन प्रतींपैकी एकीचे टेलोमिअर गळून गेलेले आढळते. जी-बहुल पदराची नक्कलच नीट पुरी होत नाही. डब्ल्यूआरएन डीएनएच्या इतर दुरुस्तीतही भाग घेते, म्हणून सर्व लक्षणांचा दोष टेलोमिअरवर टाकता येणार नाही.

गाठ मारली की टोक सुरक्षित, असे आपण सुतळीबाबत म्हणू शकतो. गुणसूत्राचे तसे नाही. त्याचे टोक टिकण्यासाठी गाठ घट्ट हवी, आणि वेळ आली की ती सुटायलाही हवी.