पाठनियंत्रणाचे साधन : आज्ञापंक्ती की चित्ररूप दर्शन?

संहितांवर काम करणाऱ्या अभ्यासकांच्या हाती अलीकडे ‘गिट’ ही आवृत्तिनियंत्रणाची प्रणाली आली आहे. लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी ती २००५ साली लिनक्सच्या गाभ्याची संकेतावली सांभाळण्यासाठी रचली. परंतु कोणी, केव्हा, कोणत्या ओळीत काय बदलले ह्याची नोंद ती ठेवीत असल्यामुळे बोलीकोश आणि संपादित पोथ्या ह्यांनाही ती उपकारक ठरते. तिच्याशी व्यवहार दोन मार्गांनी करता येतो : आज्ञापंक्तीवर, म्हणजे बोलण्यात जिला आपण कमांड लाइन म्हणतो तेथे, आज्ञा टंकून, अथवा खिडक्या, रंग व बटणे असलेल्या चित्ररूप साधनातून. संगणकाच्या जाणकारांत पहिल्या मार्गाची प्रतिष्ठा मोठी. दुसरा नवशिक्यांचा समजला जातो. आपल्या कामापुरता हा क्रम उलटा लावावा, असे माझे मत आहे. आणि सोय हे त्याचे प्रमुख कारण नव्हे.

प्रथम लिपीचा प्रश्न. आज्ञापंक्तीची खिडकी मूलतः समान रुंदीच्या घरांची बनलेली असते. रोमन अक्षरांना ती मानवते; देवनागरीत मात्र एक अक्षर अनेक संकेतांचे मिळून होत असल्याने अशा कित्येक खिडक्यांत वेलांटी भलत्याच जागी पडते, जोडाक्षर फुटते. फाइलीचे नाव मराठीत असेल तर ‘क’ ह्या एका अक्षराऐवजी गिट ‘\३४०\२४४\२२५’ असे तीन अष्टमान अंक छापते. (एक मांडणी बदलली की हा दोष जातो, पण ती बदलावयाची असते हे आधी ठाऊक हवे.) ज्याला ऱ्हस्वदीर्घाचे भेद तपासावयाचे आहेत त्याला संहिताच धड वाचता येऊ नये, ही अडचण किरकोळ नव्हे.

दुसरा मुद्दा आज्ञांच्या भाषेचा. ‘चेकआउट’ ह्या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ होतात : एका शाखेवरून दुसरीवर जाणे, आणि अद्याप न नोंदविलेले बदल पुसून टाकणे. नैसर्गिक भाषेत अनेकार्थता निभावून जाते, कारण ऐकणारा शंका विचारू शकतो. येथे ऐकणारा निमूटपणे आज्ञा पाळतो. मी स्वतः ह्या क्रियापदापुढे शाखेच्या नावाऐवजी नुसते एक टिंब दिले आणि तीन दिवसांची बोलीटिपणे घालविली. ती परत मिळाली नाहीत. २०१९ मध्ये ‘स्विच’ व ‘रिस्टोअर’ अशी दोन स्वतंत्र क्रियापदे आली खरी, परंतु जुनेही चालूच आहे. चित्ररूप साधनात ही दोन कामे दोन ठिकाणी असतात, व पुसण्यापूर्वी बहुधा विचारले जाते.

गिटच्या मूळ संचातच ‘गिट-गुई’ व ‘गिटके’ ही दोन साधी साधने आहेत. पहिल्यात जुना व नवा पाठ रंगभेदाने दिसतो आणि हव्या त्या ओळी निवडता येतात. एकाच फाइलीत शुद्धलेखन सुधारले असेल व एका शब्दाचा अर्थही बदलला असेल, तर त्यांच्या दोन वेगळ्या नोंदी करता येतात. आज्ञापंक्तीवरही हे घडते, परंतु तेथे एकेक तुकडा समोर येतो आणि ‘हो’ की ‘नाही’ सांगावे लागते. सगळा पाठ एकत्र नजरेखालून जात नाही. दुसऱ्यात इतिहासाची आकृती दिसते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारत-आवृत्तीतील आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) पाठपरंपरांचा जो वंशवृक्ष दिला आहे, त्याच जातीची ही आकृती होय. भेद इतकाच की पोथ्यांचे जन्यजनकत्व अनुमानाने ठरवावे लागते, येथे प्रत्येक नोंद आपल्या जनकाचा निर्देश करते. पाठसंकर झाला, तर दोन रेषा एकत्र आलेल्या दिसतात.

मात्र डोळ्यांनाही मर्यादा आहे. ‘दऱ्या’ हा शब्द ‘ऱ’ आणि हलन्त घालून टंकता येतो, तसाच ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही. पडद्यावर दोन्ही रूपे सारखी. गिटच्या लेखी मात्र ती भिन्न. चित्ररूप साधन अशा वेळी एक ओळ तांबड्या व तीच ओळ हिरव्या रंगात दाखविते, आणि पाहणारा बुचकळ्यात पडतो. अशा ओळी आल्या की मी निमूटपणे आज्ञापंक्ती उघडतो व दोन्ही रूपांचे संकेतांक काढून पाहतो. माझ्या संग्रहाच्या आरंभीच्या फाइलींत अशी दुहेरी रूपे अजूनही सापडतात.