उष्माघात, सिस्टर आणि काही हट्टी गैरसमज

जागतिक परिचारिका दिन 12 मे रोजी, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी येतो. त्या सुमारास विदर्भात पारा 43-44 अंशांना टेकलेला असतो. हवामानबदल आणि परिचारिका असा विषय त्या दिवशी कुणाला सुचलाच, तर कार्यक्रम बहुधा रुग्णालयाच्या आवारात एक रोप लावून आणि फोटो काढून संपतो. रोपं जरूर लावावीत. पण हवामानबदलाशी परिचारिकेचा संबंध कुंडीपाशी सुरू होतो, असं मानणं हाच या विषयातला पहिला गैरसमज आहे. तो खाटेपाशी सुरू होतो, आणि हे नवंही नाही. नाइटिंगेलच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’चं पहिलंच प्रकरण खोलीतली हवा आणि ऊब यांवर आहे.

सर्वांत घातक समज उष्माघाताबद्दलचा आहे. ‘अंग भाजतंय ना, मग पॅरासिटामॉल द्या.’ घरचेच नव्हे, शिकलेले लोकही असं म्हणतात. साध्या तापात मेंदूतलं तापमान-नियंत्रण केंद्र स्वतःहून पातळी वर नेतं आणि पॅरासिटामॉल ती पातळी खाली आणतं. उष्माघातात ती पातळी जागेवरच असते. बिघडलेली असते ती शरीराची उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता. त्यामुळे गोळीने काहीच साधत नाही, उलट आधीच होरपळलेल्या यकृतावर आणखी भार पडतो. उपाय एकच, शरीर बाहेरून थंड करणं आणि तेही ताबडतोब. कपडे सैल करायचे किंवा काढायचे, अंग ओलं करून जोराचा वारा घालायचा, काखेत, मानेला आणि जांघेत बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. तरुण, धडधाकट रुग्णाला थंड पाण्याच्या टबात ठेवणं सर्वांत परिणामकारक. पहिला अर्धा तास निर्णायक असतो आणि त्या अर्ध्या तासात रुग्णाजवळ सर्वाधिक काळ सिस्टर किंवा ब्रदर असतात. थंडावा देणं कुठे थांबवायचं, हेही त्यांनाच पाहावं लागतं. आतलं तापमान 39 अंशांच्या आसपास आलं की बर्फ काढायचा, नाहीतर रुग्ण गरजेपेक्षा जास्त गार पडतो. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा सरबत ओतू पाहणाऱ्या नातेवाइकांना अडवणं हाही त्याच कामाचा भाग. खिशातल्या कांद्याबद्दल काय बोलावं? तो भाकरीबरोबर खावा.

‘घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही,’ हा दुसरा दिलासा खोटा आहे. वयस्कर माणसांत त्वचा कोरडी पडलेली दिसते, पण उन्हात राबणाऱ्या मजुराला किंवा धावणाऱ्या खेळाडूला उष्माघात झालेला असतानाही दरदरून घाम सुटलेला असू शकतो. खरी खूण आहे ती बरळणं, गोंधळणं, झटके येणं, बेशुद्धी आणि त्याच्या जोडीला शरीराच्या आतलं 40 अंशांच्या वरचं तापमान. काखेतला थर्मामीटर इथे फसवतो, कारण तो आतल्यापेक्षा कमी आकडा दाखवतो. म्हणून तापमान गुदद्वारातून मोजावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत आडोसा शोधून, रुग्णाची लाज राखून हे करणं किती अवघड असतं, हे ते करणाऱ्यालाच कळतं.

आणि हा केवळ चंद्रपूर-नागपूरचा प्रश्न आहे, असंही समजू नये. 16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या जाहीर सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी 14 जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी परिसरातलं तापमान 40च्या खालीच होतं. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीराला गार करत नाही. हवामान खातंही किनारपट्टीवर उष्णतेच्या लाटेचा विचार 37 अंशांपासूनच सुरू करतं.

‘उन्हाने अशी कितीशी माणसं मरतात?’ हा प्रश्न नोंदवहीतल्या आकड्याकडे बोट दाखवून विचारला जातो. अहमदाबादेत मे 2010 मध्ये एरवीच्या तुलनेत 1,344 मृत्यू जास्त झाले. उष्णतेने होणारे बरेचसे मृत्यू कागदावर हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणं किंवा पक्षाघात म्हणून चढतात. रुग्ण आला तेव्हा, बर्फ लावण्याआधी, तापमान किती होतं, तो कुठे आणि किती वेळ काम करत होता, लघवी किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेत होता का, या चार गोष्टी केसपेपरवर नसतील तर पुढे कितीही मोठा तज्ज्ञ आला तरी तो मृत्यू उन्हाच्या खात्यात मांडणं कठीण. त्या ओळी बहुतेकदा परिचारिका लिहिते. सरकारी उष्णता-आराखडे ज्या आकड्यांवर उभे राहतात, त्यांची सुरुवात तिच्या बॉलपेनपासून होते, पण आराखड्याच्या बैठकीला तिला सहसा कुणी बोलावत नाही.

अहमदाबादचंच आणखी एक उदाहरण. शारदाबेन रुग्णालयात प्रसूतीचा वॉर्ड सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. 2010च्या उन्हाळ्यात उष्णतेने आजारी पडलेली नवजात बाळं अतिदक्षता विभागात येत राहिली. नंतर वॉर्ड खालच्या मजल्यावर हलवला आणि अभ्यासात त्याचा फायदा दिसून आला. ना महागडं यंत्र, ना परदेशी तंत्रज्ञान. कोणत्या खाटेवर दुपारी ऊन येतं आणि कोणता पंखा नुसतीच गरम हवा ढवळतो, हे पाळीवर असणाऱ्यांना माहीत असतं. त्यांना विचारायला मात्र हवं.

आता एक उलटा गैरसमज, की रुग्णालयं हवामानबदलाचे परिणाम फक्त सोसतात. 2019च्या एका जागतिक अंदाजानुसार हरितगृह वायूंच्या एकूण उत्सर्जनात आरोग्यक्षेत्राचा वाटा 4.4 टक्के आहे. त्यातला मोठा भाग औषधं, साहित्य आणि वीज यांचा, म्हणजे परिचारिकेच्या हाताबाहेरचा. पण काही गोष्टी तिच्या हातातच असतात, अगदी शब्दशः. ‘ग्लोव्हज घातले की स्वच्छता झाली’ ही समजूत घ्या. रक्त किंवा शरीरद्रव्यांशी संबंध येणार असेल तर हातमोजे हवेतच, पण खाट सरकवताना किंवा रक्तदाब मोजताना एरवी त्यांची गरज नसते, आणि हात धुण्याला ते पर्याय नव्हेत. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयात परिचारिकांनी 2018 मध्ये नेमकं हेच सहकाऱ्यांना पटवलं आणि वर्षभरात सुमारे 21 टन प्लास्टिक वाचलं. कचऱ्याचंही तसंच. पिवळ्या पिशवीतला कचरा जाळण्याकडे जातो. रुग्णालयातला सुमारे 85 टक्के कचरा साधाच असतो, पण बिस्किटाचं वेष्टन आणि सलाइनचं खोकं पिवळ्या पिशवीत पडलं की तेही भट्टीत जातं. वर्गीकरण खाटेजवळच व्हावं लागतं. मावशींनी मागाहून निवडत बसणं धोक्याचंही आहे आणि नियमांत बसणारंही नाही.

राहिला शेवटचा समज, आणि तो प्रशासनाचा आहे: ‘सिस्टर बघून घेतील.’ उष्माघात कक्षाची पाटी लागते, खाटा मांडल्या जातात, कूलर येतो. पण रुग्णाला गार करणं म्हणजे दर काही मिनिटांनी तापमान पाहणं, चादर पुन्हा ओली करणं, बर्फ बदलणं, सलाइन आणि लघवीचा हिशेब ठेवणं. चाळीस खाटा सांभाळणाऱ्या एका परिचारिकेकडून हे होणार नाही. कक्षाला वेगळी पाळी, जवळ बर्फ आणि योग्य थर्मामीटर मिळणार नसेल, तर पाटी लावण्याचा खर्चही वाचवावा.