वरचा डी, खालचा डी

अकरावीला वेगाची व्याख्या फळ्यावर लिहिली, डीएक्स बाय डीटी, की वर्गातून कुणीतरी विचारतंच, "मॅडम, वरचा डी अन् खालचा डी कटला तं एक्स बाय टीच राहते ना?" बाकीची मुलं हसतात. मी हसू देत नाही. फिजिक्समधली पुढची निम्मी अडचण या एका प्रश्नात असते आणि विचारणाऱ्यानं ती सगळ्यांसाठी उघडी केलेली असते.

आमच्या जऊळक्यात शेतातल्या विहिरी खोल आहेत. विहिरीत दगड सोडला आणि दोन सेकंदांनी तो पाण्यावर आदळला, तर पाणी साधारण 20 मीटर खाली आहे, म्हणजे सुमारे 65 फूट. आता डी कापून बघा. 20 मीटर भागिले 2 सेकंद, वेग आला सेकंदाला 10 मीटर. पण पाण्यावर आदळताना दगडाचा खरा वेग असतो सेकंदाला 20 मीटर. उत्तर बरोबर निम्म्यानं चुकलं. भागाकारातून आला तो सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग, आणि आपल्याला हवा होता त्या क्षणाचा. त्या क्षणाचा वेग काढायची रीत म्हणजेच डेरिव्हेटिव्ह.

याहून घातक गोष्ट निराळीच आहे. अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरून एकसारख्या वेगानं जाणाऱ्या गाडीचं गणित घातलं, तर डी कापूनही उत्तर अगदी बरोबर येतं. मुलाला पूर्ण मार्क मिळतात आणि त्याच्या मनात डी कटतो हे पक्कं बसतं. आधीचा पाया राहून गेला तर ते पहिल्याच दिवशी कळत नाही, ते असं झाकून राहतं. कळतं तेव्हा मूल दोन धडे, कधी दोन वर्षं पुढे गेलेलं असतं आणि "मला फिजिक्स जमतच नाही" असं ठरवून मोकळं झालेलं असतं.

यात मुलांचा दोष किती? 2019 साली आलेलं बालभारतीचं अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक उघडा. दुसराच धडा गणिती पद्धतींचा आहे आणि त्यात व्हेक्टरबरोबर कॅल्क्युलसची तोंडओळखही आहे. पुस्तक करणाऱ्यांना गरज ठाऊक होती, म्हणूनच त्यांनी तो धडा घातला. पण त्याच वर्षीचं गणिताचं पुस्तक घ्या. डिफरन्सिएशन आहे दुसऱ्या भागाच्या शेवटच्या धड्यात. पुस्तकातल्या क्रमानं गेलं, तर फिजिक्सला जे पावसाळ्यात लागतं ते गणितात उन्हाळ्याच्या तोंडावर येतं. बारावीला तेच. फिजिक्सच्या पहिल्या धड्यात फिरत्या चकतीचा मोमेंट ऑफ इनर्शिया इंटिग्रेशननं काढायचा आणि पाचव्या धड्यात, दोलनांमध्ये, थेट डिफरन्शिअल इक्वेशन मांडायचं. गणिताच्या पुस्तकात ही दोन्ही प्रकरणं दुसऱ्या भागात. आणि बी ग्रुपच्या मुलांना, म्हणजे गणित सोडून बायोलॉजी घेतलेल्यांना, ती कधीच भेटत नाहीत. नीटच्या पेपरात फिजिक्स मात्र त्यांनाही सोडवावं लागतं.

त्यात खेड्यातल्या मुलांना भाषेचा एक जिना जास्तीचा चढावा लागतो. दहावीपर्यंत ज्यांनी 'त्वरण' आणि 'जडत्व' म्हटलं, त्यांच्यापुढे जून-जुलैत एकदम 'ॲक्सिलरेशन' आणि 'इनर्शिया' येतात. आधीची पायरी न चढता वरच्या वर्गात बसणं हे शहरातल्या एखाद्या हुशार मुलाचं धाडस असेल, आमच्याकडे ती रोजची रीत आहे.

पुढे कॉलेजात या रीतीला नावंही मिळतात. एटीकेटी घराघरांत माहीत आहे. मागच्या सेमिस्टरचा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात बसता येतं. दहावीनंतर डिप्लोमा केलेली मुलं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातात. त्यांचा हात कामाला पक्का असतो, पण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी त्या वर्गात बसून केलेलं नसतं. मार्च 2021 मध्ये तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईनं इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बारावीचं फिजिक्स आणि गणित सक्तीचं न ठेवण्याची तरतूद मांडली, सोबत ब्रिज कोर्सही सुचवला. त्यावर बराच गदारोळ झाला. मला दार उघडण्यात वावगं वाटत नाही. मात्र ब्रिज कोर्स कागदावरच राहिला आणि दार तेवढं उघडलं, तर आत आलेल्या मुलाची ती फसवणूक आहे, असं मी स्पष्ट म्हणेन.

बीएस्सीला गेलेली आमची मुलं सुट्टीत घरी येतात तेव्हा विचारतात, "मॅडम, अमुक विषय राहिलाय, तरी क्वांटम घेऊ का?" याला सरसकट हो किंवा नाही म्हणणं चुकीचं आहे. काय राहिलंय यावर सगळं आहे.

क्वांटम मेकॅनिक्सचं नाव ऐकूनच मुलं घाबरतात, पण त्यातला सुरुवातीचा मोठा प्रश्न, दोन भिंतींमध्ये कोंडलेला कण, हा बारावीच्या दोलनांचाच भाऊबंद आहे. दोलनात काय असतं? अंतराचा दोनदा डेरिव्हेटिव्ह घेतला की तेच अंतर परत येतं, उलट्या चिन्हाचं आणि एका ठरावीक संख्येनं गुणलेलं. कोंडलेल्या कणाचं समीकरण हुबेहूब तसंच, फक्त वेळेच्या जागी स्थान येतं. दोन्ही भिंतींशी कणाचा तरंग शून्य व्हायला हवा, म्हणून मधल्या जागेत अर्ध्या लाटा पूर्ण संख्येतच मावतात: एक, दोन, तीन. त्यामुळे ऊर्जाही 1, 4, 9 अशा प्रमाणातच मिळते, मधली कुठलीच नाही. ज्यानं दोलनाचं समीकरण हातानं सोडवलंय, त्याला इथे नवा विचार करावा लागतो, नवं गणित नाही. डेव्हिड ग्रिफिथ्स यांचं क्वांटमचं पुस्तक जगभर वापरतात. त्यांनी प्रस्तावनेत आधी काय यायला हवं ते मोजकंच सांगितलं आहे: कॉम्प्लेक्स नंबर, पार्शल डेरिव्हेटिव्हपर्यंतचं कॅल्क्युलस, लिनिअर अल्जिब्राची तोंडओळख आणि साधं मेकॅनिक्स. इलेक्ट्रोडायनॅमिक्स अधूनमधून लागतं, इतकंच. म्हणजे त्या पेपरची एटीकेटी असेल तर क्वांटम अडणार नाही.

प्रत्येक वेळी मात्र असं चालत नाही. व्हेक्टर कॅल्क्युलस राहिलंय आणि इलेक्ट्रोडायनॅमिक्स घेतलं, तर मॅक्सवेलची चार समीकरणं वाचतासुद्धा येणार नाहीत. डायव्हर्जन्स आणि कर्ल ही तिथली मुळाक्षरं आहेत. अशा मुलाला मी थांब म्हणते, घरचे नाराज झाले तरी.

मोठ्या माणसांनीही पायऱ्या गाळल्या, असं मुलं ऐकवतात. खरं आहे. 1925 साली हायझेनबर्गनं क्वांटमची नवी मांडणी केली तेव्हा मॅट्रिक्स हा प्रकार त्याला माहीत नव्हता. आपण लिहिलेल्या गुणाकारात क्रम बदलला की उत्तर बदलतं, याचं त्याला कोडंच पडलं होतं. मॅक्स बॉर्न यांनी तो मॅट्रिक्सचा गुणाकार ओळखला, कारण ते गणित बॉर्न ब्रेस्लाऊला विद्यार्थी असताना शिकले होते. आइनस्टाइनला गुरुत्वाकर्षणासाठी वक्र अवकाशाचं गणित हवं होतं, ते येत नव्हतं. 1912 मध्ये झुरिकला परतल्यावर ते जुना वर्गमित्र मार्सेल ग्रोसमान याच्याकडे गेले. दोघांनाही पायरी चुकवून चाललं नाही. ती ज्याला येत होती असा माणूस हाकेच्या अंतरावर होता, एवढंच.

आपल्या जयंत नारळीकरांच्या घरी तर असे दोघे होते. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे, आणि मोरूमामा हुजूरबाजार घरातल्या फळ्यावर भाच्यासाठी अवघड गणित लिहून ठेवायचे. भाच्यानं ते सोडवेपर्यंत ते फळ्यावर राहायचं. आमच्याकडची कितीतरी मुलं घरात विज्ञान शाखेला गेलेली पहिलीच असतात. त्यांचा मोरूमामा कोण?

शाळा-कॉलेजनं ही जागा भरायला हवी, आणि त्याला पैसा फारसा लागत नाही. आम्ही गणिताच्या सरांशी बोलून डेरिव्हेटिव्हची मूळ कल्पना जुलैतच घेतो, सिद्धता नंतर. बी ग्रुपच्या मुलांना रविवारी साइन आणि कोसाइनचे डेरिव्हेटिव्ह आणि त्यांचे आलेख, एवढंच शिकवते. दोलनांचा धडा त्यावर निभतो. सोयाबीनमध्ये तूर पेरतात तसं, राहिलेलं आणि नवं एकाच हंगामात वाढू द्यायचं. कॉलेजातल्या मुलांसाठी एनपीटीईएलवर आयआयटी मद्रासच्या व्ही. बालकृष्णन यांची क्लासिकल आणि क्वांटम फिजिक्सची व्याख्यानं फुकट आहेत. व्याख्यान ऐकून समजल्यासारखं वाटतं, म्हणून ते थांबवून प्रत्येक ओळ वहीत स्वतः करायची, ही माझी अट असते.

आणि सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात शिकवणाऱ्याला सांगून टाकायचं की माझं अमुक राहिलंय. मुलं लाजतात, परीक्षेच्या तोंडावर येऊन सांगतात. तेव्हा मदत करायला वेळ उरलेला नसतो. पहिल्या आठवड्यात सांगितलं, तर त्या विषयातले नेमके कोणते दोन-तीन धडे पुढे लागणार आहेत ते शिक्षक काढून देऊ शकतो, आणि सबंध पेपराचा डोंगर उपसावा लागत नाही.